‘माझ्याकडे तर चालतंय!’ : लिनक्स ड्रायव्हरचा पॅच पाठवण्याआधी काय तपासायचं?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे. पण कोडिंग येत नसेल तरी ऐका, कारण तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचं कर्नल चालतंय. आणि त्या कर्नलच्या कोडमधला सगळ्यात मोठा हिस्सा असतो ड्रायव्हर्सचा.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. कर्नल विचारतं, बोट कुठे टेकलं? टचस्क्रीन तिच्या भाषेत काहीतरी आकडे पाठवते. मधला ड्रायव्हर ते समजावून सांगतो. हा दुभाष्या चुकला तर नुसतं एक ॲप बंद पडत नाही. तो कर्नलच्या आत बसलेला असतो, त्यामुळे अख्खं मशीन आडवं होऊ शकतं.

आता माझी फजिती सांगतो. ताईकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर मीच लिनक्स टाकून दिलं होतं. ती त्यावर ऑनलाइन शिकवण्या घेते. झाकण मिटून परत उघडलं की कधीकधी टचपॅड मेलेला असायचा. मुलं स्क्रीनवर वाट बघतायत आणि ही लॅपटॉप रीस्टार्ट करतेय!

मी कोड उघडला, दोन रात्री घालवल्या. मशीन झोपेतून उठलं की ड्रायव्हर टचपॅडला लगेच हुकूम सोडत होता आणि टचपॅड अजून पुरता जागाच झालेला नसायचा. मी तिथे शंभर मिलिसेकंद थांबायची एक ओळ टाकली. झाकण दोनदा मिटलं, दोनदा उघडलं. चाललं! लगेच पॅच पाठवला. पॅच म्हणजे आपलं ठिगळ. कुठली ओळ काढली, कुठली घातली, एवढाच हिशोब.

मेंटेनरचं, म्हणजे त्या कोडची राखण करणाऱ्या माणसाचं, उत्तर आलं. रागावले नव्हते. तीनच प्रश्न होते. कोणत्या मशीनवर तपासलं? किती वेळा? आणि हाच ड्रायव्हर वापरणाऱ्या बाकीच्या सगळ्या लॅपटॉपनी शंभर मिलिसेकंद का थांबायचं?

माझ्याकडे एकाचंही धड उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला, “अरे, तुझं ते दुरुस्त केलेलं परत बिघडलंय.”

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. मेंटेनरकडे ते हार्डवेअर नसतं. जगातले सगळे लॅपटॉप कुणाच्याच टेबलावर मावत नाहीत. तो कोड वाचू शकतो, पण टचपॅड खरंच उठला की नाही हे फक्त मीच बघू शकतो. म्हणजे माझी टेस्टिंग हेच त्याचे डोळे. मी नीट बघितलं नाही, तर कुणीच बघितलेलं नसतं.

चूक किती महाग पडू शकते?

२००८ चा किस्सा आहे. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही लोकांची इंटेलची नेटवर्क कार्ड निकामी व्हायला लागली. कार्डाची स्वतःची माहिती ज्या मेमरीत साठवलेली असते तीच खराब होत होती, त्यामुळे रीस्टार्ट करूनही उपयोग नाही. संशय अर्थातच कार्डाच्या ड्रायव्हरवर, ई१०००ई वर गेला. पण खरा गुन्हेगार दुसराच निघाला. कर्नलमध्ये एफट्रेस नावाची यंत्रणा आहे, कोणतं फंक्शन कधी चाललं याचा माग काढणारी. ती मेमरीतल्या एका जुन्या पत्त्यावर लिहायला जात होती आणि तोवर तो पत्ता कार्डाच्या त्या मेमरीला दिला गेलेला होता. घर रिकामं झालं, नवा भाडेकरू आला, आणि जुन्या किल्लीवाला आत शिरून सामान हलवतोय, असा प्रकार!

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. हार्डवेअरशी बोलणारा कोड चुकला तर खरी वस्तू कायमची जाऊ शकते. आणि बिघाड जिथे दिसतो तिथेच त्याचं मूळ असेल असं नाही. म्हणून अंदाज कमी, नोंदी जास्त.

मग मी आता काय करतो?

सगळ्यात आधी, पॅच न लावता बिघाड मुद्दाम घडवून आणतो. दहातून किती वेळा होतो, ते लिहून ठेवतो. हा आकडा नसेल तर ‘बरं झालं’ हे कशाच्या जोरावर म्हणणार?

मग मेंटेनरचं ताजं गिट ट्री घेतो आणि पॅच त्यावर लावतो. आपल्या लॅपटॉपमधलं कर्नल बरेचदा जुनं असतं. तो बग तिकडे आधीच कुणी सुधारलेला असू शकतो. आणि हो, बूट मेन्यूमध्ये जुनं, चालतं कर्नल ठेवायचंच. नवीन उठलंच नाही तर परतीची वाट हवी.

त्यानंतर बिल्ड. जास्तीच्या वॉर्निंग चालू करून एकदा, ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल म्हणून एकदा, कर्नलच्या आतच बसवून एकदा. जमलं तर ३२ बिटसाठी आणि एआरएमसाठीही. चेकपॅच नावाची स्क्रिप्ट कोडची ठेवण तपासते, तीही चालवतो. पण लक्षात ठेवा, कंपाइल झालं म्हणजे व्याकरण बरोबर आहे, एवढंच.

खरी मजा मशीनवर येते. टेस्टसाठीच्या कर्नलमध्ये केसॅन आणि लॉकडेप चालू करतो. केसॅन मेमरीतली घुसखोरी पकडतं. लॉकडेप दोन कामं एकमेकांची वाट बघत कायमची अडकू शकतील का, ते सांगतं. मशीन हळू होतं, होऊ दे. मग मॉड्यूल काढायचं, घालायचं, परत काढायचं. यूएसबीचं उपकरण असेल तर काम चालू असतानाच ओढून काढायचं, कारण लोक तेच करतात! कर्नलला मुद्दाम मेमरी नाकारायला लावता येते. अशा वेळी ड्रायव्हर निमूट माघार घेतो की कोसळतो, ते बघायचं. आणि दर वेळी डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी, वाचायची.

शेवटी झोपवणं-उठवणं. आरटीसीवेक नावाची कमांड मशीनला झोपवते आणि ठरलेल्या वेळी उठवते. ताईच्या लॅपटॉपवर मी अशी पन्नास वेळांची स्क्रिप्ट लावली. सतराव्या वेळी टचपॅड गेला. दोनदा चाललेला माझा पॅच हा!

म्हणजे शंभर मिलिसेकंद हा उपायच नव्हता, नशीब होतं. मग ती ओळ काढली. हुकूम द्यायचा, उत्तर आलं नाही तर थोडं थांबून परत द्यायचा, अशा ठरावीक फेऱ्या. तेही फक्त त्या टचपॅडचा आयडी दिसला तरच, बाकीच्यांना धक्का नाही. पन्नासपैकी पन्नास. मग रात्रभर लावून ठेवलं, तरी डीमेसेज स्वच्छ.

आणि हे सगळं लिहायचं

पॅचच्या सोबतच्या मजकुरात साधं लिहायचं: मॉडेल कोणतं, किती वेळा झोपवलं, पॅचआधी काय, नंतर काय. जे तपासलं नाही तेही लिहायचं. हार्डवेअर हाताशी नसेल तर ‘फक्त कंपाइल करून बघितलं आहे’ असं सांगायची तिथे पद्धतच आहे. त्यात कमीपणा नाही. न तपासता तपासलं म्हणणं मात्र वाईट, कारण पुढचा माणूस त्या वाक्याच्या भरवशावर निर्णय घेतो.

तिसऱ्या खेपेला माझा पॅच स्वीकारला गेला. त्याआधी एका अनोळखी माणसाने तोच टचपॅड असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर तो लावून बघितला आणि ‘टेस्टेड-बाय’ म्हणून आपलं नाव खाली जोडलं. खरं सांगतो, पॅच घेतल्याच्या निरोपापेक्षा मला त्या एका ओळीचा आनंद जास्त झाला.

ताईला यातलं काही माहीत नाही. तिचा फोन येत नाही, एवढंच.

चला, आज इथेच थांबूया. तुमचं ‘माझ्याकडे तर चालतंय’ कुठे तोंडावर पडलं होतं, ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!