एक उपकरण, अनेक आयुष्ये : ई-सिगारेटच्या सुट्या भागांचे अर्थशास्त्र

टिकाऊ वस्तूचे आयुष्य हा एकच आकडा असतो, असा समज पाठ्यपुस्तकातील घसाऱ्याच्या उदाहरणांमुळे दृढ होतो. प्रत्यक्षात सायकलीचा सांगाडा अनेक वर्षे टिकतो, टायर त्याआधी झिजतात आणि ब्रेकचे रबर टायरच्याही आधी बदलावे लागते. प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे असते आणि अल्पायुषी भाग बदलता येतो, म्हणूनच दीर्घायुषी भागात गुंतवलेली रक्कम वसूल होते. हा भाग बदलण्याची सोय काढून घेतली तर काय होते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे ई-सिगारेट. भारतात २०१९ पासून या वस्तूच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी आहे. तथापि बॅटरी, कचरा आणि उत्पादकाची जबाबदारी या विषयांच्या अभ्यासकाला तिची रचना समजून घेणे उपयुक्त ठरेल.

धूरविरहित सिगारेटची कल्पना अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्येच पेटंटसाठी मांडली होती, परंतु ती बाजारात रुजली नाही. आजच्या स्वरूपातील उपकरण चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केले. त्याची रचना साधी आहे. बॅटरीतील वीज एका बारीक रोधक तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून जाते. ही तार सामान्यतः नायक्रोम किंवा कंथाल या मिश्रधातूंची असते. तारेला लागून कापसाची वात असते आणि ती टाकीतील द्रव शोषून घेते. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये यांचा हा द्रव तापून त्याचे सूक्ष्म तुषार बनतात व ते ओढले जातात.

या भागांपैकी सर्वांत अल्पायुषी भाग कॉइल होय. नियमित वापरात ती साधारणतः एक ते दोन आठवडे टिकते. द्रवातील गोडी आणणारी द्रव्ये, विशेषतः सुक्रालोज, तारेवर करपून काळा थर धरतात. उष्णता नीट पोहोचत नाही, वात जळू लागते आणि करपट चव येते. नवी कॉइल बसवल्यावर वात द्रवाने पूर्ण भिजेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबणे, टाकी कोरडी पडू न देणे आणि तार ज्या क्षमतेसाठी बनवली आहे त्याहून अधिक शक्ती न वापरणे, एवढ्याने तिचे आयुष्य वाढते. परंतु ते वाढवण्यालाही मर्यादा आहे. कोरड्या वातीवर द्रव अतितप्त झाला की फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ मध्ये तुषारांत शिसे, क्रोमियम व निकेल आढळले. कॉइलशी संपर्क येण्यापूर्वी मूळ द्रवात या धातूंचे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी होते. म्हणजे कॉइल बदलल्याने हानी कमी होईल, पण नाहीशी होणार नाही. निकोटीनचे व्यसन तर कोणत्याही देखभालीने टळत नाही.

टाकीची काच फुटेपर्यंत टिकते. जोडावरील सिलिकोनची कडी सैल झाली की गळती सुरू होते. ती कडी क्षुल्लक किमतीत बदलता येते. बॅटरी व टाकी यांच्या जोडावर साचलेला द्रव कोरड्या कापडाने पुसला नाही तर विद्युत संपर्क बिघडतो. या बाबी किरकोळ आहेत. खरा प्रश्न बॅटरीचा आहे.

लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊ शकते. त्यानंतर तिची धारणक्षमता लक्षणीय घटते. मोठ्या उपकरणांत ‘१८६५०’ या नावाची, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची व ६५ मिलिमीटर लांबीची, सुटी बॅटरी असते. ती पूर्ण रिकामी होऊ न देणे, उन्हात न ठेवणे आणि योग्य चार्जर वापरणे यांमुळे तिचे आयुष्य वाढते. तिचे वेष्टन फाटले असेल, किंवा ती खिशात नाण्यांबरोबर अथवा किल्ल्यांबरोबर ठेवली, तर लघुपरिपथन होऊन आग लागू शकते. दररोज एकदा चार्ज होणारी बॅटरी ३०० दिवस टिकते आणि कॉइल दर दहा दिवसांनी बदलावी लागते असे मानले, तर एका बॅटरीच्या आयुष्यात ३० कॉइली संपतील. हे प्रमाण आपल्या जुन्या गुडगुडीसारखेच आहे. तिथे पाण्याचे भांडे वर्षानुवर्षे टिके, नळी अधूनमधून बदलावी लागे आणि तंबाखू रोज नवी लागे.

मात्र गेल्या काही वर्षांत जगभर खपली ती या प्रकारची ई-सिगारेट नव्हे, तर एकदाच वापरून फेकण्याची. तिच्यात बहुधा दोन मिलिलिटर द्रव असतो. तो संपला की टाकी, कॉइल, बॅटरी असे सारेच कचऱ्यात जाते. गुडगुडीची विडी झाली, आणि तीही बॅटरी असलेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, अशा टाकून दिलेल्या उपकरणांतील बॅटऱ्या ४५० हून अधिक वेळा पुन्हा चार्ज होऊ शकतात. याचा अर्थ, खरेदी केलेल्या टिकाऊपणाचा चारशेवा हिस्साही न वापरता ग्राहक तो फेकून देत होता. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘मटेरियल फोकस’ या संस्थेच्या पाहणीनुसार त्या देशात दर आठवड्याला सुमारे ५० लाख एकवेळची उपकरणे टाकली जात होती. वर्षभरातील त्यांच्या लिथियममधून सुमारे ५,००० विद्युत मोटारींच्या बॅटऱ्या बनल्या असत्या.

इतकी उधळपट्टी बाजारात कशी टिकते? रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊपणा व मक्तेदारी यांविषयी लिहिताना निदर्शनास आणले होते की, टिकाऊ वस्तूचा विक्रेता स्वतःच्याच भावी विक्रीशी स्पर्धा करत असतो. त्यामुळे टिकाऊपणा कमी करण्याकडे त्याचा कल असू शकतो. परंतु माझ्या मते येथे पिगू यांचे १९२० मधील विवेचन अधिक लागू पडते. उपकरणाच्या किमतीत बॅटरीच्या निर्मितीचा खर्च धरला जातो, तिच्या विल्हेवाटीचा नाही. तो नगरपालिका उचलते आणि कधीकधी अग्निशमन दल उचलते. ज्याने वस्तू बनवली वा वापरली, त्याच्या हिशेबात हा सामाजिक खर्च येतच नाही.

ब्रिटनने यावर योजलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. १ जून २०२५ पासून तेथे एकवेळच्या ई-सिगारेटची विक्री व पुरवठा बेकायदेशीर ठरला. मात्र ‘एकवेळची’ म्हणजे काय, हे सुट्या भागांच्या भाषेतच ठरवावे लागले. बॅटरी पुन्हा चार्ज होते का, द्रव पुन्हा भरता येतो किंवा त्याची कुपी स्वतंत्रपणे विकत मिळते का, आणि कॉइल बदलता येते का, या कसोट्यांवर उपकरण पारखले जाते. केवळ चार्जिंगची खाच ठेवून कायद्यातून निसटता येऊ नये, हा त्यामागील हेतू. बेल्जियमने त्याआधीच, १ जानेवारी २०२५ पासून, एकवेळच्या उपकरणांवर बंदी घातली होती. तरीही किमतीचा प्रश्न उरतोच. पुन्हा वापरता येणारे उपकरण जवळजवळ तेवढ्याच किमतीला मिळत असेल तर ग्राहक तेही फेकून देईल. कायदा देखभाल शक्य करतो, ती करायला लावू शकत नाही.

भारताचा मार्ग निराळा आहे. सप्टेंबर २०१९ मधील अध्यादेशाची जागा त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियमाने घेतली. त्यानुसार उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात यांस मनाई आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. अपराधाची पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद आहे.

येथे एक पेच उद्भवतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत व त्यांचा पाया विस्तारित उत्पादक जबाबदारी हा आहे. ज्याने बॅटरी बाजारात आणली त्याने नोंदणी करावी, ती परत गोळा करावी आणि तिच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था लावावी, असे हे तत्त्व. पण बंदी असलेल्या वस्तूचा नोंदणीकृत उत्पादक वा आयातदार असूच शकत नाही. चोरट्या मार्गाने आलेल्या उपकरणातील बॅटरीला म्हणून कायद्याच्या दृष्टीने पालक नाही. ती घरच्या कचऱ्यातून भंगाराच्या दुकानात पोहोचते आणि तेथे तिची धातूची नळी हातोडीने फोडली जाण्याचा धोका असतो. चार्ज शिल्लक असलेली लिथियम बॅटरी अशा आघाताने पेट घेऊ शकते. जप्त केलेल्या साठ्यालाही हेच लागू आहे. तो केवळ चिरडून वा जाळून नष्ट करणे योग्य नव्हे. आधी बॅटऱ्या वेगळ्या काढून त्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवाव्या लागतील, आणि त्याचा खर्च दंडाच्या रकमेतून भागवता येईल.