तुकड्यातुकड्यांनी पंढरीची वाट

आमच्या शेजारचे तात्या अनेक वर्षं आषाढीला आळंदीहून पायी जात. सत्तरी उलटली, गुडघ्यांनी दगा दिला आणि वारी थांबली. त्या वर्षी पालखी पुण्यातून पुढे गेली, तेव्हा ते दार लावून घरात बसले होते. मी गेलो, तर म्हणाले, "कविराज, संपलं आता."

मला मात्र ही वाट कधी घडलीच नव्हती. नोकरीत एवढी सलग रजा कोण देणार? मी म्हटलं, "तात्या, एका दमात नको. दर रविवारी थोडं थोडं चालू. जायला-यायला रेल्वे आहे, एस.टी. आहे."

"ती वारी नव्हे."

"नसू दे. वाट तर तीच ना?"

डॉक्टरांनी एका वेळी सात-आठ किलोमीटरची परवानगी दिली. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे 250 किलोमीटर. हिशेब केला, तीस-पस्तीस रविवार झाले. कार्तिक ते माघ हे दिवस चालायला बरे, उन्हाळ्यात सुट्टी.

अशा चालण्याचा पहिला नियम म्हणजे तुकडा पायांनी नव्हे, थांब्यांनी पाडायचा. पुण्याच्या आसपास शहर बस आहे. पुढे पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा, लोणंद ही स्थानकं पालखीच्याच वाटेवरची. लोणंदनंतर तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी एस.टी.ची साखळी. साधी गाडी गावोगावी थांबते. लांब पल्ल्याच्या गाडीचे थांबे ठरलेले असतात, तेव्हा खिडकीवर विचारूनच बसावं. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एस.टी. मोफत झाली. कंडक्टरपुढे तात्या ऐटीत कार्ड धरतात आणि म्हणतात, "यांचं तेवढं पूर्ण घ्या."

दुसरा नियम असा, की सकाळी गाडीनं लांबच्या टोकाला जावं आणि घराच्या दिशेनं चालत यावं. म्हणजे परतीची शेवटची गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही. पण हा नियम तात्यांनी साफ नाकारला. "पंढरीकडे पाठ करून चालायचं?" मग आम्ही परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा वहीत लिहून घेऊ लागलो. पहिली आपली, दुसरी चुकली तर.

दिवेघाट मात्र बसनं चढावा लागला. गुडघ्यांपुढे इलाज नव्हता. तात्यांना ते अजून सलतं. म्हणूनच की काय, पुढे एक पाऊलही त्यांनी सोडलं नाही. एकदा गाडीनं आम्हाला गेल्या वेळच्या जागेच्या किलोमीटरभर पुढे उतरवलं. मी म्हटलं, इथूनच निघू. ते काही न बोलता काठी टेकत मागे गेले, तिथल्या मातीला हात लावला आणि मग पंढरपूरकडे वळले.

फलटणच्या पुढे प्रवास फार आणि चालणं थोडं असं होऊ लागलं. तेव्हा मुक्काम हलवला. माझी बहीण फलटणला असते. शनिवारी रात्री तिच्याकडे, रविवारी पहाटे स्टँडवर. एकदा नेमकी एकादशी आली. बहिणीनं नवं पातेलं काढून साबुदाण्याची खिचडी केली. तात्यांनी दोनदा मागून घेतली.

ही वाट आता महामार्ग झाली आहे. चौपदरीकरणाची पायाभरणी 2021 साली झाली; दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी पदपथ हा त्याच योजनेचा भाग. रस्ता प्रशस्त झाला, पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. तात्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगतात, "इथं वड होता. आमची दिंडी याच्याखाली जेवायची." पदपथ नसेल तिथं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बेतानं उजव्या कडेनं चालावं आणि ऊन चढण्याआधी थांबावं.

आम्ही वेळापूरपर्यंत पोचलो आहोत. भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर एवढं उरलंय. हल्ली तात्या मुद्दाम सावकाश चालतात असं मला वाटतं. परवा विचारलंच, "पंढरपूर आलं की पुढे काय?"

क्षणभर थांबून म्हणाले, "मग देहूहून तुकोबांची वाट धरू. त्या पालखीची पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, ठाऊक आहे ना? तिथं बस कुठली जाते, तेवढं बघून ठेवा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)