परदेशातील भौतिकशास्त्र आणि गुणपत्रिकेचे वाचन

जबलपूरच्या पूर्वेस, खमरियाची आयुध निर्माणी आणि वाहन निर्माणी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या रांझीत उच्चशिक्षणाचा विचार बहुधा अभियांत्रिकीच्या अंगाने होतो. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहे. भौतिकशास्त्र घेऊन परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची वाट त्या मानाने अपरिचित आहे. टक्केवारी उत्तम असली की नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळतो, ही त्याची समजूत. ती अपुरी आहे.

प्रथम देशभेद ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील बहुतेक विभाग पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी विद्यार्थी निवडतात आणि अध्यापनसाहाय्याच्या मोबदल्यात शुल्कमाफी व निर्वाहवेतन देतात. परंतु तेथील पदवी चार वर्षांची असल्यामुळे भारतीय त्रैवार्षिक पदवी अनेक ठिकाणी उणी पडते. युरोपात तीन वर्षे पदवी व दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण ही रचना रूढ आहे. तेथे अडचण वर्षांची नसून आशयाची असते. मध्य प्रदेशातील बी.एस्सी.चा विद्यार्थी परंपरेने भौतिकशास्त्राबरोबर गणित व रसायनशास्त्रही शिकत आला आहे. जर्मन विद्यापीठ मात्र विद्युत्‌गतिकी, पुंजयामिकी, सांख्यिकीय यामिकी आणि प्रयोगशाळा यांना किती वेळ दिला गेला, हे पाहते. ‘भौतिकशास्त्र, प्रश्नपत्रिका पहिली’ एवढ्या नोंदीवरून परक्या परीक्षकास काहीच उमगत नाही. म्हणून प्रत्येक विषयाचे घटक, तासिका व पाठ्यग्रंथ सांगणारे विवरण सोबत जोडणे इष्ट ठरते. शिफारसपत्राचेही तसेच. ‘विद्यार्थी हुशार व सुशील आहे’ हे वाक्य निरुपयोगी होय. त्याने कोणता प्रश्न सोडविला, कोठे चुकला आणि ती चूक कशी दुरुस्त केली, हे जवळून पाहिलेल्या शिक्षकाने लिहावयास हवे.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडावा. जर्मनीतील बहुसंख्य शासकीय विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे खरे. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो भरावे लागतात. निर्वाहाची तरतूद सर्वत्र दाखवावी लागतेच. निर्माणीतील नोकरदाराच्या घरी ही रक्कम बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून उभी राहते. म्हणून अपुऱ्या माहितीवर पाठविलेल्या अर्जाची किंमत केवळ विद्यार्थीच मोजतो असे नाही.

१९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन केंब्रिजला गेलेल्या जयंत नारळीकरांनाही तेथे पुन्हा पदवीचीच ट्रायपॉस परीक्षा द्यावी लागली. मात्र वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेले आणि बनारसला गणिताचे प्राध्यापक. बुद्धिमत्तेचे श्रेय अबाधित ठेवूनही असे म्हणता येईल की, परीक्षेचे स्वरूप जाणणारा माणूस त्यांच्या घरातच होता.

रांझीतील घरात तो नसतो. ही उणीव बुद्धीची नव्हे, माहितीची आहे, आणि ती भरून काढता येते. पदवीच्या पहिल्याच वर्षी अभीष्ट विद्यापीठाची अट व स्वतःचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचला, तर कोणता विषय राहून जातो ते दिसते. तो भरून काढण्यासाठी आधी भारतात एम.एस्सी. करावी लागली, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.