त्वचारोगाचे डॉक्टर आणि सरकारी योजनेचें कार्ड

पावसाळ्यांत भिजक्या कपड्यांनीं दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या जांघेंत व कमरेस गजकर्ण उठतें. गाजरगवत उपटणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावर, मानेवर व कोपराच्या लवणींत पुरळ येऊन कातडी जाड व काळी पडते. (हें गवत पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम आढळलें, आतां तें नाहीं असा बांध दाखविणें कठीण.) मग सरकारी योजनेचें कार्ड खिशांत घालून मंडळी तालुक्याच्या गांवीं कातडीच्या डॉक्टरांचा शोध करितात, आणि 'येथें कार्ड चालत नाहीं' हें उत्तर घेऊन परततात. उत्तर बहुधा खरें असतें. परंतु तें खरें कां, हें कोणी सांगत नाहीं.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या नोकरीनें एक संवय लावली, ती ही कीं नियम वाचतांना रकमेआधीं शब्द पाहावा. वर्षाला कुटुंबास पांच लाख रुपये, हा आंकडा सर्वांस तोंडपाठ आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्यें निघाली. आपल्या राज्याची योजना त्याआधीं, २०१२ मध्यें, आठ जिल्ह्यांत सुरू झाली, व २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. २०२३ मध्यें तिची व्याप्ति पांढऱ्या शिधापत्रिकेपर्यंत नेण्याचें ठरलें. हें सर्व उत्तमच झालें. परंतु नियमांतील शब्द 'दाखल' असा आहे. रोग्यास इस्पितळांत दाखल करून यादींतील उपचार झाला, तरच खर्च योजनेवर पडतो. गजकर्ण, खरूज, इसब, कोड यांचा रोगी औषध घेऊन त्याच दिवशीं घरीं येतो, तो बाह्यरुग्ण. त्याची फी व मलम यांस योजनेंत जागा नाहीं. गरिबाचा पैसा थोडाथोडा करून याच वाटेनें जातो. हें मोठें उणें आहे असें आमचें स्पष्ट मत असून, सहकारी संघांनीं तें सरकारच्या कानावर घालावें.

तूर्त मार्ग आहे तो सरकारी दवाखान्याचा. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. तेथें कार्डाचा प्रश्नच येत नाहीं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा निराळा विभाग असतो. जिल्हा रुग्णालयांत हे डॉक्टर कोणत्या वारीं बसतात तें आधीं विचारावें. एक व्यर्थ हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी व गाडीभाडें दोन्ही गेलीं. जाणें अशक्य असल्यास गांवच्या आरोग्य उपकेंद्रांतून 'ई-संजीवनी' या सरकारी सोयीनें दूरच्या डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळूं शकतो.

अंगभर फोड येऊन कातडी सुटूं लागली व ताप भरला, तर ती गोष्ट दाखल करण्याची. अशा वेळीं योजनेंतील इस्पितळांत आरोग्यमित्र म्हणून नेमलेला मनुष्य बसतो, त्यास भेटावें. इस्पितळ योजनेंत आहे एवढें पुरत नाहीं, या रोगाकरितां आहे काय हें विचारावें. कारण मान्यता विषयवार असते. १५५३८८ व १४५५५ या क्रमांकांवरही चौकशी होते.

हेलपाटे टाळण्यासाठीं औषधांच्या दुकानांतून 'खाजेचें मलम' आणणें हा मात्र घातक प्रकार. अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असतें. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आंत पसरते, कातडी पातळ होते, आणि पुढें साधें औषध लागू पडत नाहीं. अशीं कित्येक स्टिरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम सरकारनें २०१८ मध्यें केला. तरी तीं सर्रास मिळतात. गजकर्णास औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे, खाज थांबली तरीही, लावावें लागतें. घरांत दुसऱ्यास असेल तर त्यानेंही त्याच वेळीं घ्यावें, आणि पंचा सर्वांचा निराळा असावा.

खाज नाहीं, दुखत नाहीं, असा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला, तर मात्र एक दिवसही दवडूं नये. तो कुष्ठरोग असूं शकतो. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें व वेळीं घेतल्यास हातपायांचें व्यंग टळतें. तपासणीस जातांना आजवर लावलेल्या मलमांच्या रिकाम्या नळ्या व जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या. डॉक्टर प्रथम तेंच विचारतात.