विश्लेषण : सेवेआधी भाषा! ग्वाटेमालात जाणारे ख्रिस्ती स्वयंसेवक आधी स्पॅनिश का शिकतात?

चर्चच्या वतीने शाळेत शिकवायला, दवाखान्यात मदत करायला किंवा घरे बांधायला परदेशी गेलेला स्वयंसेवक सुरुवातीचे अनेक आठवडे यातले काहीच करत नाही, असे सांगितले तर नवल वाटेल. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात मात्र अनेकांची सुरुवात अशीच होते. अँटिग्वा या जुन्या राजधानीच्या शहरात राहून ते आधी स्पॅनिश शिकतात. हा वेळ वाया जातो का? भाषा न शिकताच मदत केली तर काय बिघडते?

ग्वाटेमालाच का?

४ फेब्रुवारी १९७६ रोजी येथे ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २३ हजार जणांचा मृत्यू झाला, तर दहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. मदतीसाठी परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, चर्चशी संबंधित अनेक संघटना आल्या. नंतरच्या काळात देशात प्रोटेस्टंट पंथांचा वेगाने प्रसार झाला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या अहवालानुसार देशात ५० टक्के लोक कॅथलिक, तर ४१ टक्के प्रोटेस्टंट आहेत. त्यातच अँटिग्वामध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळांची रेलचेल आहे. एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक, ही तेथील रूढ पद्धत.

पहिले दिवस कसे जातात?

रोज साधारण चार तास शिकवणी आणि मुक्काम एखाद्या स्थानिक कुटुंबात. जेवणात मक्याच्या तोर्तिया, काळा घेवडा, अंडी. पिण्यासाठी नळाचे नव्हे, जारचे पाणी. जेवून उठताना ‘ग्रासियास’ म्हणजे धन्यवाद म्हणायचे, त्यावर इतरांनी ‘बुएन प्रोवेचो’ म्हणायचे, हा घरातला शिष्टाचार. ‘आओरिता’ म्हणजे शब्दशः ‘आत्ताच’, पण आपल्याकडच्या ‘आलोच’सारखा त्याचा अर्थ अर्धा तासही असू शकतो. आपल्या देशात मोठ्या पदावर असलेली व्यक्तीही इथे साधे पाणी मागताना अडखळते. मदत करायला आलेल्यालाच आधी यजमानांची मदत लागते.

भाषेत नेमके कुठे अडते?

इंग्रजी भाषकांचा ठरलेला घोटाळा म्हणजे ‘एम्बारासादा’. ऐकायला तो ‘एम्बॅरस्ड’सारखा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘गरोदर’! समोरच्याला संबोधण्यासाठी ग्वाटेमालात ‘तू’, ‘वोस’ आणि ‘उस्तेद’ असे तीन पर्याय आहेत. वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’ म्हणायचे. मराठी माणसाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची सवय असल्याने हे लवकर कळते. त आणि द हे उच्चारही सोपे जातात. ‘पाद्री’ आणि ‘पगार’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आले. स्पॅनिशमध्येही ‘पाद्रे’ म्हणजे धर्मगुरू आणि ‘पागार’ म्हणजे पैसे देणे.

किती वेळ लागतो?

अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार, इंग्रजी भाषकाला स्पॅनिशमध्ये कामकाज करण्याइतके प्रावीण्य मिळवायला ६०० ते ७५० तासांची शिकवणी लागते. रोज चार तास आणि आठवड्यातून पाच दिवस धरले, तर ६०० तासांना ३० आठवडे लागतात. दोन आठवड्यांसाठी आलेल्याच्या हाती फक्त ४० तास पडतात. पर्यटक म्हणून सहसा ९० दिवसच राहता येते. ही मुदत ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून मोजली जाते. त्यामुळे नुसती शेजारची सीमा ओलांडून ती वाढत नाही.

घाई केली तर काय होते?

त्याचा भुर्दंड स्थानिकांना बसतो. दवाखान्यात दुखणे कुठले आणि गोळी दिवसातून किती वेळा, हेच चुकीचे समजू शकते. बालगृहांत दर पंधरवड्याला नवा चेहरा येतो, मुलांना त्याचा लळा लागतो आणि तो निघून जातो.

याच मुद्द्यावर शेजारच्या मेक्सिकोत मोठा वाद झाला होता. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६१ मध्ये कुएर्नावाका येथे मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारे केंद्र सुरू केले. त्याच इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर त्यांच्याच सेवाकार्यावर कडाडून टीका केली. लोक आपल्याबद्दल काय म्हणतात हेही ज्यांना कळत नाही, त्यांनी मदतीसाठी येऊ नये. पाहायला आणि शिकायला जरूर यावे, असा त्यांचा रोख होता.

स्पॅनिश आले की झाले?

नाही. २०१८ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४२ टक्के लोक माया वंशाचे आहेत आणि येथे २२ माया भाषा आहेत. अमेरिकी मिशनरी कॅमेरॉन टाउनसेंड १९१७ मध्ये स्पॅनिश बायबल विकायला आले, तेव्हा खेड्यांतील अनेकांना ती भाषाच परकी असल्याचे त्यांना आढळले. ते काक्चिकेल भाषा शिकले. त्या भाषेतील ‘नवा करार’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीतील उदाहरण तर याहून जुने आहे. इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी.

जाण्यापूर्वी काय विचारावे?

भाषेसाठी किती आठवडे राखून ठेवले आहेत? मुक्काम कुटुंबात की परदेशी सहकाऱ्यांसोबत? काम स्थानिकांनी मागितले आहे की बाहेरच्यांनी ठरवले आहे? ते काम गावातलेच कोणी पगारावर करू शकते का? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर तिकीट काढण्याची घाई करू नये.