एसेक्सचे की लंडनचे?

लंडनच्या पूर्व टोकाला रॉमफर्ड नावाचे जुने बाजाराचे गाव आहे. तेथील पुष्कळ लोक आपल्या पत्त्याच्या शेवटी आजही ‘एसेक्स’ असे लिहितात. वस्तुतः १ एप्रिल १९६५ पासून रॉमफर्ड एसेक्समध्ये नाही. त्या दिवशी शेजारच्या हॉर्नचर्चशी त्याची सांगड घालून ‘हॅवरिंग’ हा नवा बरो निर्माण झाला आणि तो बृहद् लंडनमध्ये गेला. बरो म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी संस्था. मात्र शाळा, वाचनालये, निराधार वृद्धांची देखभाल असा पुष्कळच मोठा भार तिच्यावर असतो. टपालखात्याने आपले लंडनचे जुने विभाग काही वाढविले नाहीत. पत्त्यात काउंटीचे नाव मागण्याची रीतही १९९६ पर्यंत चालूच होती. तेव्हा कायदा एक सांगे आणि पोस्टमन दुसरे. माणसे पोस्टमनवर विश्वास ठेवतात, यात नवल ते काय?

आपण लंडनचे नव्हे, एसेक्सचे, ही भावना येथे जुनी आहे. आणि एसेक्समध्ये परत जावे अशी मागणीही अधूनमधून होत असते. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु इतिहास उघडून पाहिला तर मोठी गंमत दिसते. १४६५ साली चौथ्या एडवर्ड राजाने हॅवरिंगला सनद दिली. तिच्या बळावर हा मुलूख ‘रॉयल लिबर्टी’ झाला, म्हणजे त्याचे न्यायाधीश त्याचे स्वतःचे आणि एसेक्सच्या अंमलदारांचा हात तेथे पोचत नसे. ही व्यवस्था १८९२ पर्यंत टिकली. आज ज्या एसेक्सचा अभिमान मिरविला जातो, त्याच्याच अधिकारापासून सुटका हे हॅवरिंगचे चारशे वर्षांचे भूषण होते! आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅरल्ड हिल ही मोठी वसाहत लंडन काउंटी कौन्सिलने लंडनकरांसाठीच उभारली. त्या कुटुंबांची मुलेनातवंडे आज एसेक्सचे म्हणवितात. अस्मिता रक्तातून येते असे ज्यांना वाटते, त्यांनी हॅरल्ड हिलकडे पाहावे.

मग तक्रार कशाची? येथे ‘विकेंद्रीकरण’ या शब्दाकडे नीट पाहावयास हवे. ७ मे १९९८ रोजी लंडनमध्ये सार्वमत झाले. जेमतेम एक तृतीयांश मतदार आले, पण त्यांतील सुमारे ७२ टक्क्यांनी लंडनला निर्वाचित महापौर हवा असे सांगितले. ३२ही बरोंत, म्हणजे हॅवरिंगमध्येसुद्धा, कौल अनुकूल पडला. २००० साली पहिला महापौर निवडून आला. वेस्टमिन्स्टरमधून पाहिले तर सत्ता खाली उतरली. रॉमफर्डच्या बाजारातून पाहिले तर ती आपल्या डोक्यावरच एका नव्या मजल्यावर येऊन बसली. २०२१ च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या सुमारे ८८ लाख, हॅवरिंगची २ लाख ६२ हजार. शंभरात तीन माणसे महापौर कसा ठरविणार? बरोत किती घरे बांधावयाची याचे लक्ष्य महापौराच्या आराखड्यात ठरते. मोठ्या बांधकामाला बरोने नकार दिला तरी ते प्रकरण महापौर स्वतःकडे घेऊ शकतो. ज्या बरोची सुमारे निम्मी भूमी हरित पट्ट्यात आहे, तेथे हे झोंबणारच. २९ ऑगस्ट २०२३ पासून जुन्या, धूर ओकणाऱ्या मोटारींवर दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार सर्व बरोंना लागू झाला. हवेच्या दृष्टीने तो योग्यच होता असे माझे मत आहे. पण लंडनच्या टोकावरल्या गावाला तो मध्य लंडनइतकाच लागावा, हे तेथल्या माणसाला पटविणे सोपे नाही.

एसेक्समध्ये गेल्याने हा मजला नाहीसा होईल काय? तेथेही जिल्हा परिषदा मोडून मोठ्या पालिका करण्याचे आणि साऱ्या एसेक्सवर, साउथएन्ड व थरॉकसह, एक महापौर नेमण्याचे ठरले आहे. २०२५ मध्ये सरकारने त्या योजनेला अग्रक्रम दिला. म्हणजे एक जिना उतरून दुसरा चढणे. शिवाय १९६५ पूर्वी शाळांचा कारभार एसेक्स काउंटीकडे होता. तो हॅवरिंगच्या हाती आला तो लंडनमध्ये गेल्यामुळेच. हे कोणी फारसे बोलून दाखवीत नाही. खजिन्याची स्थितीही अशी, की २०२४ मध्ये बरोला सरकारच्या खास आर्थिक परवानगीचा आधार घ्यावा लागला. घर बदलावयाचे तर गाठीला काही असावे लागते.

आणि प्रवासाचे काय? साठी उलटलेल्या लंडनकराला मिळणारा मोफत प्रवास बरोबाहेर राहणाऱ्याला नाही. रॉमफर्डहून अपमिन्स्टरला जाणारा एक छोटा लोहमार्ग आहे, मध्ये एमर्सन पार्क हे एकच स्टेशन. नोव्हेंबर २०२४ पासून त्याला ‘लिबर्टी’ म्हणतात, त्या जुन्या सनदेच्या स्मरणार्थ. हे नाव लंडनच्या महापौराच्या वाहतूक खात्याने ठेवले. आणि पत्त्यात एसेक्स लिहिणारी कितीतरी वृद्ध मंडळी लंडनचा पास दाखवून त्या गाडीत बसतात.