डीपीतून धूर येतो तेव्हा

रब्बीत विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार येतो. रोहित्र म्हणजे आपल्या सगळ्यांची डीपी. फ्यूज उडतो, वायरमनच्या माथी दहा गावं असतात आणि मग कोणीतरी स्वतःच फ्यूज टाकायला जातं. आमच्या जळीत कक्षात दर हिवाळ्यात असा एखादा तरी रुग्ण येतोच.

गेल्या वर्षी आलेल्या तरुणाच्या तळहाताला रुपयाएवढी जखम होती. "डॉक्टर, एवढंच भाजलंय, पट्टी करून सोडा," भाऊ म्हणाला. मी लघवी पाहिली, कोऱ्या चहासारखी काळपट. वीज कातडीवर थांबत नाही, आतले स्नायू शिजवत जाते आणि त्यांतून सुटलेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकतं. त्याच रात्री आणल्यामुळे मूत्रपिंडं वाचली. हात मात्र कोपराखाली काढावा लागला.

तेलाने भाजलेल्यांची तऱ्हा वेगळी. डीपीच्या टाकीतलं खनिज तेल तारांच्या वेटोळ्यांना थंड ठेवतं. साधारण १४० अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही, त्यामुळे एरवी भीती नाही. पण तेल गळालं, चोरीला गेलं (हो, तेही चोरतात), आत ओल शिरली किंवा भार वाढतच राहिला, तर वेटोळ्यांवरचा कागद करपतो आणि आतच ठिणग्या उडतात. त्या उष्णतेने तेलातून हायड्रोजन, ॲसिटिलीन असे ज्वालाग्राही वायू सुटतात, दाबाने टाकी फुटते आणि उकळतं तेल चहूकडे उडतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये राजस्थानात, जयपूर जिल्ह्यातल्या खातोलाई गावात लग्नघरच्या माणसांवर असंच तेल उडालं. दहाहून अधिक जण गेले.

आपल्याकडे डीपीतून धूर आला की गर्दी जमते, मोबाईल निघतात. कृपा करून लांब व्हा, पोरांना आधी हलवा.

तेल कातडीला चिकटून भाजतच राहतं. माणसाला सुरक्षित जागी आणून तेलाने भिजलेले कपडे काढा, कातडीला चिकटलेले ओढू नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. तो लेप खरवडताना रुग्णाचे हाल होतात आणि तोवर जखम किती खोल आहे ते आम्हाला दिसत नाही. आवाज घोगरा झाला असेल, नाकात काजळी असेल, तर श्वासनलिका भाजलेली असू शकते. काही तासांत ती सुजून श्वास कोंडतो. बोलतोय म्हणून वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

पेटलेल्या डीपीवर बादलीने पाणी तर मुळीच मारू नका. पाण्यातून वीज तुमच्यापर्यंत येऊ शकते आणि जळतं तेल पाण्यावर तरंगत पसरतं. १९१२ वर वीज बंद करायला सांगा, १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. फ्यूज वायरमन आल्यावर तोच टाकेल.